कांदा गेला कुठे?

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

माझ्या पिशवीला मागणी आली! लग्नाची नव्हे – विज्ञानाची.

दुपारी फोन. मुलीचा आवाज, घाबरलेला. "किशोरी घरत का? मी सई. पीएच.डी. करते. हॉस्पिटलच्या सिस्टरनी नंबर दिला, तुम्हाला विचारून दिलाय म्हणाल्या..." हो, मीच कधीतरी 'द्या' म्हटलं होतं आणि विसरून गेले होते. मग ती कांदा, आतडं, फ्लेव्होनॉइड असं काहीबाही सांगत सुटली. शेवटी म्हटलं, "बाई गं, तुला माझं नक्की हवंय तरी काय?" तर म्हणते, "तुमच्या पिशवीत जे येतं ते."

तीन वर्षांत कोणी मागितलं नव्हतं!

नवी वही आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझं मोठं आतडं सडलं होतं, ते काढून टाकलं. लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला आणून ठेवलंय. लालचुटूक. मी त्याला टोमॅटो म्हणते. त्यावर पिशवी. भरली की रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची. दुखत नाही. टोमॅटो कधीकधी बोलतो – गुर्र, फुस्स – तेही भर ऑफिसात.

आई टोमॅटोला काहीच म्हणत नाही. तिने तो पाहिलेलाच नाही. हॉस्पिटलात सिस्टर पिशवी बदलायला शिकवत होती तेव्हा आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, ती अजून वळलेली नाही. बिल्डिंगमध्ये, आमच्या कोन गावात, सगळीकडे एकच – 'तिच्या पोटाचं आप्रेशन झालं, आता बरी हाय.' पिशवी हा शब्दच घरातून हद्दपार. भाजीला जातानासुद्धा 'थैली दे' म्हणते!

मला बाकी काही नको. तिने एकदा बघावं. बस.

११ फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर निघाले, सईच्या कॉलेजात गेले. चष्मा, बारीक चण, बोलताना हात हवेत. लॅबमध्ये फ्रीजच फ्रीज.

तिने कागदावर आतडं काढून दाखवलं. लाल कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं – झाडापाल्यात सापडणाऱ्या फ्लेव्होनॉइडांपैकी एक. त्याला साखरेचा कण चिकटलेला असतो. तो कण असेपर्यंत आतड्याची भिंत त्याला सहसा आत घेत नाही. भिंतीवर एक पाचक द्रव्य असतं, दुधातली साखर फोडणारंच. ते हा कण तोडतं. मग उरलेलं भिंतीतून आत, रक्तात.

म्हटलं, "आमच्यात साखरपुडा करून घरात घेतात, इथे साखर काढून घेतात!" सई इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

मग विचारलं, यात मी कशाला? तर म्हणे, ज्यांना मोठं आतडं आहे त्यांच्यात काही कळत नाही. लहान आतड्यातून जे निसटतं ते मोठ्यात जातं, तिथले जंतू त्याचे तुकडे तुकडे करतात. शेवटी काय शोषलं गेलं आणि काय जंतूंनी खाल्लं, पत्ता लागत नाही. आमच्यासारख्यांचं सरळ. तोंडातून किती गेलं ते मोजा, पिशवीत किती आलं ते मोजा. मधलं आतड्याने घेतलं.

"तुमच्यासारखी माणसं शोधायला मला सात महिने लागले," म्हणाली. "तुम्ही फार मोलाच्या आहात."

मला! डॉक्टर, सिस्टर, नातेवाईक – सगळ्यांनी 'बिचारी' म्हटलंय. मोलाची पहिल्यांदाच. रिक्षात बसून गालातल्या गालात हसत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता.

१२ फेब्रुवारी

आईला सांगितलं. जेवता जेवता, वाटीकडे बघत म्हणाली, "लोकांना काय कामधंदा नाय." तेवढंच!

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सहाही जण भेटलो. सहा माणसं, सहा पिशव्या, एक खोली. मी दारातच थांबले होते. आतून आवाज आला – "ये गो बाय, लाजू नको, हितं सगळे थैलीवाले!"

हे तुळशीराम काका. उरणकडचे, मिठागरवाले. सत्तरीचे असतील. त्यांच्या पिशवीला बारा वर्षं झाली. बसल्या बसल्या पोटावर थाप मारून म्हणाले, "ही माजी सेकंड बायको. पयलीपेक्षा कमी बोलते." एक बँकेतले साहेब आहेत, ते आधी छताकडे बघत होते. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. तासाभरात साहेब स्वतःच सांगत होते – मिटिंगमध्ये पिशवी फुगली आणि त्यांनी फाइल पोटावर धरून पूर्ण प्रेझेंटेशन दिलं ते. तीन ताया आहेत कामोठ्याच्या, त्यांच्याकडून पिशवीवर घालायचं सुती कव्हर कसं शिवायचं ते शिकले. घाम येत नाही म्हणे! तीन वर्षं मी प्लास्टिक अंगाला चिकटवून घेत होते, आणि उपाय जुन्या ओढणीत होता.

एवढं मी कधी हसले होते, आठवत नाही. आणि कोणाच्या तरी पोटातून गुर्र झालं की कोणी 'सॉरी' म्हणत नव्हतं.

१८ फेब्रुवारी

सईची अडचण. कॅन्टीनवाला म्हणतो, नुसता कांदा तळून देणार नाही, भजी करून देतो. हिला भजी नकोत. तेल ठरलेलं, मीठ ठरलेलं, कांदा निदान अर्धा तास आधी चिरलेला. माझ्या तोंडून निघून गेलं – "माझी आई करेल."

बोलून बसले आणि जीभ चावली. घरी येऊन चाचरत सांगितलं. वाटलं, आता भांडी आपटणार. तिने हातातलं पातेलं अलगद खाली ठेवलं. मग, "किती माणसं?"

"सहा."

"सगळ्यांना तुज्यासारखंच हाय?"

"हो."

"येते," म्हणाली.

मी दोनदा विचारलं. दोनदा 'येते'!!

२१ फेब्रुवारी

पथ्याचा दुसरा दिवस. रक्तात आधीचं काही राहू नये म्हणून तीन दिवस चहा नाही, कांदा नाही, कोथिंबीर नाही, फळं नाहीत, पालेभाजी नाही, कोकम नाही. भात, दूध, अंडी, पाव आणि मासळी चालेल. मासळी चालेल! यादीतल्या या एका ओळीवर मी सईला सगळं माफ केलं.

पण चहा... सकाळपासून डोकं ठणकतंय. सई म्हणते चहातल्या क्वेर्सेटिनला दुसऱ्या प्रकारची साखर चिकटलेली असते, ती लहान आतड्याला तोडता येत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तोडतात. म्हणजे चहातलं ते द्रव्य इतकी वर्षं माझ्या पिशवीतून थेट बाहेर. तरी प्यायचाच मला. द्रव्यासाठी कोण पितं!

ऑफिसात हेतल – आमची अकाउंटवाली, समोरच्या टेबलावर बसते – म्हणाली, "चहा पण नाही? किती उपास करते गं तू यार!" ती मला फार धार्मिक समजते. मी जेवायला कधीच त्यांच्याबरोबर बसत नाही ना, गोदामाच्या मागे एकटी डबा खाते, म्हणून. ऑफिस कळंबोलीच्या लोखंड बाजारात; तिथल्या खडखडाटात टोमॅटो बोलला तरी कोणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथे.

२३ फेब्रुवारी, रविवार

झाला! कांदा झाला!

सईने काल संध्याकाळी टोपलीभर लाल कांदे घरी आणून दिले होते, सोबत वजनाचा छोटा काटा. त्यातले काही तिने तपासायला आधीच नेले – कांद्यात मुळात किती द्रव्य आहे ते कळायला. बाकीचे आईने सोलून, चिरून, मोजून द्यायचे. मी झोपले होते तेव्हाच तिने पहाटे उठून सगळं केलं. उठले तर डबे भरून, फडक्यात बांधून तयार. आई नव्या साडीत! हळदीकुंकवाला निघाल्यासारखी.

कॉलेजच्या स्वयंपाकघरात तिने कढई लावली आणि आमच्या हातात रक्त घ्यायच्या सुया टोचल्या जात असताना वास आला. अहाहा. तीन दिवस अळणी राहिलेली सहा माणसं, सुया टोचलेल्या हातांनी टेबलापाशी शाळेतल्या पोरांसारखी बसली.

ताटात पांढरा भात आणि वर तपकिरी तळलेला कांदा. काका पहिला घास घेऊन डोळे मिटून बसले. "सोनाबाय," आईला म्हणाले, "कांदा हाय का जिलबी?" आणि खरंच, इतका गोड! बँकेच्या साहेबांनी ताट बोटाने पुसून खाल्लं. सईने टाळ्या वाजवल्या, ताटात काही उरायला नकोच होतं तिला.

आई दारात उभी राहून बघत होती. सगळ्यांकडे. आळीपाळीने.

मग दिवसभर दर थोड्या वेळाने रक्त, आणि पिशवी डब्यात रिकामी करायची, नाव लिहायचं, डबा फ्रीजमध्ये. दुपारी कांद्याने रंग दाखवला – पिशव्या फुगल्या! काका म्हणाले, "सिलिंडर भरला, कोनला गॅस पायजे?" कामोठ्याच्या ताईंना हसून हसून ठसका लागला. आई पदर तोंडावर धरून हसत होती. माझी आई, पिशवीवरच्या विनोदाला!

येताना रिक्षात मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "त्यो तुळशीराम चांगला हाय." टोमॅटो बघितला का? नाही. पण हसली तर.

२४ फेब्रुवारी

चहा. चहा. चहा.

५ मार्च

सईचा फोन, किंचाळतेच आहे! पिशव्यांचे डबे तपासून झाले. क्वेर्सेटिन जवळजवळ शून्य. म्हणजे कांद्यातलं गेलं ते सगळंच्या सगळं लहान आतड्याने शोषून घेतलं! जगात कोणालाच इतकं सापडलेलं नाही म्हणे. तिच्या सरांनी दोनदा मोजायला लावलं, दोनदा तेच.

म्हणजे माझं आतडं एवढं हुशार! टोमॅटो, शाब्बास. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग? कांदाच तसा होता."

संध्याकाळी काकांनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपचं नाव बदलून 'सुपर आतडे' केलं.

८ मार्च

सगळं फिसकटलं.

रक्ताचे रिपोर्ट आले. रक्तात काहीच नाही. खाण्याआधी जेवढं, खाल्ल्यावर तेवढंच – रेघ सरळ. सई फोनवर रडत होती. "ताई, तोंडात गेलं. पिशवीत आलं नाही. रक्तातही नाही. मग गेलं कुठे?"

मला काय माहीत गं! माझ्या पोटात काही कपाट आहे का, लपवायला?

तिचे सर म्हणाले, तुझी मोजायची पद्धतच चुकली. महिनाअखेरपर्यंत उत्तर दे, नाहीतर हा विषय बंद, दुसरा घे. दोन वर्षं तिची पाण्यात. आणि आम्ही सहा जण आपापल्या घरी.

मला तिचं वाईट वाटतंच. पण खरं लिहू? मला माझंच जास्त वाटतंय. हे बंद झालं की आई पुन्हा खिडकीकडे तोंड करणार. आत्ता कुठे मान थोडी वळली होती.

९ मार्च

दिवसभर तेच डोक्यात. काकांना फोन केला – तुम्ही खाऊन ओकला नाहीत ना? ते रागावले. "मिठागरावर जन्म गेला माजा, कांदा वकेन मी?" सगळ्यांना फोन केले. सगळ्यांनी खाल्ला, सगळ्यांचा टिकला. एक मात्र प्रत्येकजण आपणहून म्हणाला – कांदा काय गोड होता!

११ मार्च

सापडला. कांदा सापडला. मी जमिनीवर बसून लिहितेय. हसू की रडू?

ऑफिसातून येताना भाजीवाल्याकडे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या. आईला विचारलं, "एक माळ आणायची का?" तर म्हणाली, "कशाला? शांतीची हाय ना अजून." शांतीमावशी, माझी मावशी, अलिबागला दिलेली. दरवर्षी पाठवते. स्वयंपाकघरात बघितलं – माळ टांगलेली, पण नुसती वेणी, कांदे खालचे तीन-चारच.

"आई, एवढे कांदे संपले कधी?"

"त्या दिवशी नाय का केले? तुज्या लोकांना."

मी ती वेणीच खाली ओढली. "तू पांढरा कांदा तळलास?"

"मग? पावन्यांना बाजारचा लाल कांदा घालू?" आईला राग आला! "सहा जणं आजारातनं उठलेली. पोटाला बाधंल असा तिखट कांदा मी घालनार हाय? पांढरा गोड असतो, थंड असतो. वजन मात्र बरोबर केलं हां मी. काटा लावून!"

"आणि सईने दिलेले लाल?"

"ते? ते तूच खाल्लेस की. बोंबलाच्या कालवणात."

म्हणजे आठवडाभर मी तो अमूल्य लाल कांदा बोंबलाबरोबर ओरपत होते, आणि सई बिचारी तो माझ्या पिशवीत शोधत होती.

"मग मला सांगायचं तरी!"

"कोनी इचारलंच नाय."

मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "काय गो, चुकलं काय माजं? त्या पोरीचं काय नुकसान झालं?" आणि पदराने तोंड पुसत उभी राहिली.

१२ मार्च

सकाळी ऑफिसला दांडी. आईला घेऊन थेट सईकडे. लॅबच्या दारात आई म्हणाली, "पोलिसात देतील काय?"

मी एका दमात सांगितलं. सईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठली, माझ्या हातातून पांढरा कांदा घेतला, आत गेली. आम्ही दोघी बाकावर. आईने माझा हात धरलेला.

बऱ्याच वेळाने बाहेर आली ती हसतच. डोळ्यांत पाणी आणि हसतेय! "नाहीच आहे!" म्हणाली. "पांढऱ्यात नावापुरतंसुद्धा नाही. लाल कांद्याच्या रंगीत पापुद्र्यांत असतं ते. तुम्ही खाल्लंच नाहीत तर पिशवीत कुठून येणार आणि रक्तात कुठून!"

म्हणजे तिचं मोजणं अगदी बरोबर होतं. शून्य घातलं, शून्य आलं.

आई हात जोडून उभी राहिली. "चुकी झाली, बाय."

तर सईने आईला मिठीच मारली! म्हणाली, "मावशी, मला तुलनेसाठी असं जेवण हवं होतं ज्यात सगळं सारखं – कांदा, तेल, मीठ, भात, माणसं तीच – फक्त ते द्रव्य नाही. मला सुचलंच नव्हतं. तुम्ही करून दिलंत." आता पुन्हा तीच सहा माणसं, लाल कांदा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की झालं. सरांना सांगितलं, तर सर म्हणे खुर्चीत मागे रेलून हसले, आणि पहिला प्रश्न – हा पांढरा कांदा मिळेल का घरी न्यायला?

परतताना आई ताठ. बिल्डिंगच्या जिन्यात शेजारीण भेटली, तिला म्हणाली, "कालेजात गेलेलो. संशोधनाचं काम होतं."

१४ मार्च, धुळवड

रंग खेळले. तीन वर्षांनी! पिशवी भिजली, चिकटपट्टी टिकली. कंपनीचे आभार मानावेत की काय.

१६ मार्च, रविवार

काकांनी सगळ्यांना कर्नाळ्याला नेलं. किल्ल्यापर्यंत नाही, निम्म्यावरच बसलो. पण निम्म्यावर! ऑपरेशननंतर मी चढ असा चढलेच नव्हते. बँकेच्या साहेबांनी दुर्बीण आणली होती, एकही पक्षी धड दिसला नाही, कारण आम्ही इतका आरडाओरडा करत होतो. आईने सगळ्यांना पुरेल इतकी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. मी सगळ्यांसमोर जेवले. उघड्यावर. पोटभर.

२३ मार्च, रविवार

दुसरी फेरी. लाल कांदा! सईने या वेळी स्वतः चिरला, आईच्या शेजारी बसून. रडून रडून दोघींचे डोळे सुजले. आई कुरकुरतच तळत होती – "ह्याला काय चव. मी बोलले नसते तर बरं झालं असतं."

खाल्ला. तिखट होता, खरं आहे. काका म्हणाले, "आज कांदा हाय. त्या दिवशी लगीन होतं."

पण आजची खरी गोष्ट ती नाही. रक्त द्यायच्या मधल्या वेळात बघते तर आई काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेली. हळू आवाजात विचारत होती. रात्री कूस बदलता येते का? गळते का? अंघोळ कशी करता? बारशाला, लग्नाला जाता? लोक वास येतो म्हणतात का? काका एकेकाचं उत्तर देत होते, थट्टा न करता. मग म्हणाले, "बघायची काय?" आणि सदरा वर केला.

आईने बघितलं. मान फिरवली नाही. नीट, वाकून बघितलं!

मी सुई लावलेला हात धरून भिंतीला टेकून उभी होते, रडत होते, आणि सई घाबरून विचारत होती – ताई, दुखतंय का? म्हटलं, नाही गं, छान चाललंय सगळं. आई माझ्यासाठी विचारत होती! इतकी वर्षं मला विचारायला जीभ रेटली नाही, म्हणून काकांना विचारलं. मी तिला काही बोलणार नाही. तिला तिच्या वेळेने येऊ दे माझ्याकडे.

२७ मार्च

आज डबा घेऊन हेतलच्या टेबलावर जाऊन बसले. ती बघतच राहिली. "उपास सोडला?" म्हटलं, उपास नव्हताच कधी. आणि सांगून टाकलं सगळं, भाजी चावता चावता. तिने घास हातात धरून ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकलं तरी तुला टेन्शन नाही? अरे यार, किती मस्त!"

तेवढ्यात टोमॅटो बोललाच. हेतल म्हणाली, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "तुझा ढोकळा मागतोय." दिला तिने.

३० मार्च, पाडवा

सई घरी आली, गुढीच्या पाया पडली, आईच्या पाया पडली. निकाल लागला! लाल कांद्यातलं जवळजवळ निम्मं आमच्या लहान आतड्यांनी शोषलं, उरलेलं पिशवीत आलं. आणि रक्तातली रेघ – दाखवली तिने मोबाइलवर – पांढऱ्या कांद्याची सपाट, जमिनीसारखी. लाल कांद्याची खाल्ल्यावर थोड्याच वेळात वर, वर, मग हळूहळू खाली. डोंगर काढल्यासारखी. त्या डोंगरातला एक माझा आहे!

सर खूश. विषय चालू. पुढे आंबा, पेरू, शेवगा करायचा म्हणतेय. सहाही जण हवेत.

आईने श्रीखंड वाढताना विचारलं, "म्हंजे मोठं आतडं नसलं तरी अन्न अंगाला लागतं?"

"लागतं, मावशी. बरंचसं काम लहानच करतं. मोठं मुख्य म्हणजे पाणी ओढतं."

"मग मानूस टिकतो?"

"काकांकडे बघा ना," सई म्हणाली.

आई हसली आणि तिला अजून वाढलं. आज घर किती भरलेलं वाटतंय.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मोरीत पिशवी बदलत होते. आईने दार वाजवलं, आत आली, कडी लावली, स्टुलावर बसली आणि बघत राहिली. टोमॅटोकडे, सरळ. म्हणाली, "मना शिकव."

म्हटलं, "आई, मला येतं गं सगळं, तू कशाला..."

"तुज्यासाठी नाय गो. माज्यासाठी."

जानेवारीत आई शांतीमावशीला सोबत घेऊन स्वतःला दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. आईच्या आतड्यात गाठ आहे. आप्रेशन केलं तर बरी होईल, पण पिशवी लागेल, कायमची. ही 'नको' म्हणून उठून आली, आणि मला सांगायचं नाही म्हणून मावशीला शपथ घातली.

"आता करते," म्हणाली. "मंगळवारी डाक्टरकडं चल माज्यासंगं."

खूप रडले. मग पोटाला चिकटवायची नवी चकती काढली, कात्री तिच्या हातात दिली, आणि टोमॅटोच्या मापाचं भोक कसं कापायचं ते दाखवलं.